केबिनबाहेरचे बूट

माझ्या पहिल्या नाटकात शेठ सलग अडीच पानं बोलायचा. "मी तुमचं रक्त पितो, तुमच्या घामावर मी बंगले बांधतो," असं तो स्वतःच्याच तोंडानं सांगायचा. कुठला शेठ असं बोलतो? एकही नाही. पण मी तेव्हा एकवीस वर्षांची होते आणि पत्रकं लिहून लिहून हात असा तयार झाला होता, की कुणी वाण्याची यादी लिहायला दिली असती तरी खाली 'धिक्कार असो' लिहूनच थांबले असते.

आमच्या कांदिवलीच्या घरात कॉटखाली सायक्लोस्टाइलचं मशीन होतं, हातानं फिरवून पत्रकांच्या प्रती काढायचं. वडील गिरणीत होते. संपात नोकरी गेली, मशीन राहिलं. स्टेन्सिल कापायची, शाई लावायची, हँडल फिरवायचं, हे सगळं मी कॉलेजात जायच्या आधीच शिकले. बोटांवरची शाई चार-चार दिवस निघत नसे आणि मला तिचा माज होता.

तो माज साकीनाक्याच्या एका गाळ्यानं उतरवला. पत्र्याचं शटर, आत पाच-सहा प्रेस मशीनं, बाटल्यांची झाकणं पाडायचं काम, आणि दहा-बारा बायका. तीन नंबरच्या मशीनवर एक मावशी बसायची. चाळिशीची, साताऱ्याकडची, बोलायला फटकळ. एका दुपारी प्रेस खाली आली आणि तिच्या उजव्या हाताची दोन बोटं गेली. शेठनं काय सांगावं? म्हणे, त्या दिवशी गाळा बंद होता. शेठ त्या दिवशी तिकडे फिरकलाच नव्हता. ही बाई झाडू मारायला म्हणून आत शिरली आणि उगाच मशीनला हात लावून बसली. आमची कामगारच नाही, हजेरीत नाव दाखवा! हजेरीत नाव कुठून असणार? बायकांची नावं तो हजेरीत चढवायचाच नाही.

आम्ही मावशीच्या भरपाईसाठी लेबर ऑफिसात अर्ज केला होता. तिथल्या साहेबांनी शेवटची तारीख दिली होती, सव्वीस जानेवारीनंतरचा सोमवार. "एक साक्षीदार आणा," ते म्हणाले. "त्या दिवशी गाळा चालू होता आणि मालक आत होता, एवढंच कुणीतरी सांगू दे. नाहीतर मी काय लिहू?"

एक साक्षीदार. त्या दुपारी तिथे दहाजणी बसल्या होत्या. दहाजणींनी रक्त पाहिलं होतं. तोंड उघडायला एकही तयार नव्हती, कारण तोंड उघडलं की उद्यापासून शटर बंद.

मी गाळ्याच्या गल्लीत तीन पत्रकं वाटली. पहिलं अर्ध्या पानाचं, दुसरं एका पानाचं, तिसरं पाठपोट. तिसऱ्यात मी 'जाग्या व्हा' चार वेळा लिहिलं. बायकांनी त्यात भाकऱ्या गुंडाळल्या. मावशीच्या शेजारच्या मशीनवर, पाच नंबरवर, एक बाई बसायची. (चार नंबर कायमचं बिघडलेलं.) त्या दिवशी तिनंच मावशीच्या हाताला आपला पदर बांधला होता. मी सगळ्यात जास्त भरवसा तिच्यावर ठेवला होता. तिनं माझं पत्रक नीट घडी करून घेतलं आणि म्हणाली, "ताई, अक्षर काय छान आहे हो तुमचं!"

मी त्या रात्री जेवले नाही.

नाटकाची कल्पना मुलुंडच्या माझ्या मित्राची. तो बँकेत कारकून होता आणि कॉलेजात असताना एकांकिकांमध्ये बक्षिसं मिळवून बसला होता, म्हणून आम्ही सगळे त्याला बँकवाला म्हणायचो आणि नाटकातलं काही अडलं की त्याच्याकडे जायचो. घाटकोपरच्या डोंगराच्या कुशीतल्या एका चाळीत मावशी राहायची. गाळ्यातल्या सहा-सात जणीही तिथल्याच, पाच नंबरवाली धरून. तिथे दर सव्वीस जानेवारीला सार्वजनिक सत्यनारायणाची पूजा असायची आणि संध्याकाळी कार्यक्रम. कमिटीनं सांगितलं, "अर्धा तास घ्या. नंतर आमचा ऑर्केस्ट्रा आहे." मावशी बौद्ध. पूजेला ती जायची नाही, कार्यक्रम मात्र चुकवायची नाही. ती म्हणाली, "प्रसाद त्यांचा, नाटक आपलं. चालतंय की."

पहिली तालीम समाजमंदिराच्या फरशीवर. नाटकात काम करणाऱ्या मावशी आणि महिला मंडळातल्या दोघीजणी. बँकवाल्यानं शेठचं अडीच पानांचं भाषण मोठ्यानं वाचलं आणि माझ्याकडे बघितलं.

"हा शेठ आहे की रेडिओ?"

"लोकांना शत्रू कोण ते कळलं पाहिजे!"

"कळेल गं. पण शत्रूच स्वतःला शिव्या देत असेल तर लोकांनी काय करायचं? घरी जायचं?"

मंडळातल्या दोघी हसल्या. मला राग आला. मी म्हटलं, नाटकवाल्यांना कला पाहिजे असते, आम्हाला साक्षीदार पाहिजे. तो म्हणाला, बरं, पत्रकांनी किती मिळाले? तेवढ्यात मावशी, जी आत्तापर्यंत भिंतीला टेकून ऐकत होती, म्हणाली,

"एक विचारू का? शेठ एवढा बोलला कधी?"

"नाटकात बोलतो, मावशी."

"नाटकात बी कशाला? चार वर्सं काम केलं मी. त्याचा आवाज मला ठाव न्हाई. तोंड पाह्यलं असंल दोनदा. आमी बूट बघायचो."

"कुठले बूट?"

मग तिनं सांगितलं. गाळ्याच्या मागच्या बाजूला शेठची काचेची केबिन. काचेला आतून पडदा. आत लक्ष्मीचा देव्हारा आणि गालिचा, म्हणून शेठ बूट केबिनच्या बाहेर काढायचा. दोन जोड होते, एक काळा, एक तपकिरी. बायकांना चपला शटरपाशीच काढायला लावायचे आणि त्या दिवसभर पत्र्याच्या कातरणावर अनवाणी. केबिनबाहेर बूट नसले की बायका बोलायच्या, उठून माठातलं पाणी प्यायच्या, एखादी गाणं म्हणायची. बूट दिसले की कुणी मान वर करायची नाही. कुणी पाण्याला उठायची नाही. "कुनी सांगितलं न्हवतं बरं का," मावशी म्हणाली. "पाणी पिऊ नका असं कुनी कवाच म्हनलं न्हाई. पन बूट असले की तहानच लागायची न्हाई."

बँकवाला उठून उभाच राहिला. खरंच, टुणकन. "परत सांगा, परत सांगा. बूट आत तोंड करून काढायचा?"

"आत जाताना आत तोंड करूनच निघत्यात की. मग वॉचमन येऊन फिरवायचा. भाईर तोंड करून ठेवायचा. शेठ निघाला की पाय घातला, चालला."

"म्हणजे बूट फिरवले की तो निघणार."

"फिरवले की आमी कडाकडा माना मोडायचो."

तो माझ्याकडे वळला. डोळे असे चमकत होते की मला आणखीनच राग आला. "ऐकलंस? तुझी अडीच पानं गेली. शेठ रंगमंचावर येणारच नाही. फक्त बूट येणार."

मी भांडले. चांगली पंधरा मिनिटं भांडले. बूट म्हणजे काय? उद्या म्हणाल त्याची छत्री टांगा! ही सूचकता वगैरे ज्यांचं पोट भरलेलं आहे त्यांच्यासाठी असते, आमच्या बायकांना सरळ सांगावं लागतं. तो म्हणाला, "सरळ सांगितलेलं त्यांनी भाकरीला गुंडाळलं ना? मग एकदा बघ. फक्त बघ. पटलं नाही तर तुझा शेठ परत घेऊ, मीच करतो, मिशी लावून."

त्यानं पायातले बँकेचे काळे टोकदार बूट काढून फरशीच्या कोपऱ्यात ठेवले आणि मोजे घालूनच वॉचमन झाला. तिघीजणी ओळीत बसल्या, प्रत्येकीपुढे तेलाचा रिकामा डबा उपडा. डब्यावर हाताचा तळवा मारायचा, तेच प्रेस मशीन. मावशी डाव्या हातानं मारत होती, उजवा पदराखाली. ठक, ठक, ठक, गप्पा चालू. मंडळातली एकजण पाणी प्यायला उठली. बँकवाल्यानं बूट आणून मध्यभागी मागे ठेवले. नुसते ठेवले आणि बाजूला झाला.

उठलेली बाई थांबली. बुटांकडे बघितलं. परत खाली बसली.

ठकठकठकठक.

मी सांगते, माझ्या अंगावर काटा आला. तीन फुटांवर उभ्या असलेल्या माझ्या मित्राचे बूट होते ते. सकाळी त्यात तो बसच्या रांगेत उभा राहिला असणार. एकाची लेस अर्धवट सुटलेली. तरी मला भीती वाटली, आणि भीती वाटली म्हणून भयंकर आनंद झाला. हे काय झालं? कसं झालं? मी त्याला म्हटलं, परत कर. त्यानं परत केलं. परत काटा. मी दहा वेळा करायला लावलं असेल. शेवटी मावशी म्हणाली, "आगं बाई, माजा हात दुखाय लागला, शेठापरीस तूच बेकार."

घरी जाताना डोकं नुसतं फिरत होतं. मिशी लावलेला शेठ आला असता तर लोकांनी मिशी बघितली असती. हा बँकवाला, हा मागच्या वर्षी इथेच विनोदी नाटकात होता, असं म्हणाले असते. बूट कुणाचा अभिनय करत नाहीत. ते नुसते असतात आणि त्यांच्यावरचा माणूस रिकामा असतो. तो रिकामा माणूस भरायचं काम बघणाऱ्यानं करायचं. मी तिथे कुणाला उभं केलं होतं? वडिलांना गेटवरून परत पाठवणाऱ्या खात्याच्या साहेबाला. तो मी कधी पाहिलेलासुद्धा नाही, वडिलांकडून ऐकलेला. मंडळातल्या बाईनं तिथे आणखी कुणाला उभं केलं असेल, नवऱ्यालाही केलं असेल, काय सांगावं! माझ्या पत्रकात वाचणाऱ्यासाठी अशी जागाच नसायची. जागा उरली की मी तिथे घोषणा घालायचे. समासातसुद्धा आडवं लिहायचे.

आणि दुसरं. पहिल्यांदा बूट आले तेव्हा ते नुसते बूट. बाई पाणी न पिता बसली, तेव्हा त्यांना अर्थ आला. म्हणजे अर्थ बुटात नव्हताच, तो पाण्यात होता! पाणी ज्या क्षणी नाकारलं, त्या क्षणी बूट मोठे झाले. मी रात्रभर जागून माझी अडीच पानं फाडली. फक्त नाटकाचं शेवटचं पान ठेवलं. अपघातानंतर मी स्वतः रंगमंचावर येऊन बायकांना साक्ष द्यायचं आवाहन करणार, ते पान. ते सोडवेना. बँकवाल्यानं नाक मुरडलं, पण राहू दिलं.

सव्वीस जानेवारी. चाळीच्या पटांगणात बांबू आणि फळ्यांचं स्टेज, वर दोन ट्यूबलाइट, एका बाजूला पूजेचा चौरंग, केळीचे खांब. पडदा ओढायला एक काका. सिंधुदुर्गातले, गिरणी सुटलेले. "मिलची गिरणी गेली, आता पिठाच्या गिरणीर बसतंय," असं स्वतःच हसून सांगायचे. गावी दशावतारात राजाचं काम करायचे, त्यामुळे चाळीतल्या प्रत्येक नाटकाचा पडदा त्यांचा. स्टेजवर चढणाऱ्या प्रत्येकाला ते खालीच अडवायचे. "वहाणो काढा. नमस्कार करा. मगे वर."

मला ते माहीत होतं. म्हणूनच मी बूट वर्तमानपत्रात गुंडाळून, साडीच्या पिशवीत घालून वर नेले. त्यांना विचारलं असतं तर नाही म्हणाले असते. आणि त्यांच्याशी वाद घालायला माझ्याकडे वेळ नव्हता. रंगदेवता वगैरे सगळी अंधश्रद्धा, हे माझं मत तयारच होतं. एका माणसाला काहीही न सांगता त्याच्याच स्टेजवर मी ते सामान चढवलं. आयुष्यभर शेठ लोकांनी आम्हाला न विचारता गोष्टी केल्या म्हणून बोंबलणारी मी.

पटांगण भरलं होतं. सतरंज्यांवर बायका आणि पोरं पुढे, पुरुष मागे उभे. सतरंजीवर बसायचं म्हणून सगळ्यांच्या चपला स्टेजच्या पुढच्या कडेशी, खाली, ढिगानं. पाच नंबरवाली दुसऱ्या रांगेत. मी विंगेतून तिला बघून घेतलं. हातात माझं शेवटचं पान.

पडदा उघडला. एका कडेला माठ आणि तांब्या, मध्ये तिघी. डबे वाजायला लागले. तिघींच्या गप्पा सुरू झाल्या तेव्हा हशा पिकला, कारण मावशी ठरलेली वाक्यं सोडून चाळीतल्या नळाच्या भांडणाबद्दलच बोलायला लागली. मग वॉचमन आला आणि त्यानं बूट ठेवले.

पटांगणातून एक आवाज आला. सगळ्यांनी एकदम श्वास आत ओढल्यासारखा. मी विंगेत उडीच मारली. झकास! चढलं! तालमीत हा आवाज कधी आला नव्हता. बाई उठली, बूट बघितले, पाणी न पिता बसली. वॉचमननं बूट फिरवले, थोड्या वेळानं उचलून नेले. तिघींनी माना मोडल्या. पुढच्या रांगेतल्या गाळ्यातल्या बायका एकमेकींना कोपरानं ढोसत होत्या. मी बँकवाल्याचा हात दाबला, तो इतका थंड होता की मला हसू आलं.

बूट दुसऱ्यांदा आले. आता ते हलणार नव्हते. डबे जोरात, आणखी जोरात, आणि मग अपघात, आणि मग माझं पान. मी पान उलगडलं. तेवढ्यात समोरच्या विंगेतून काका स्टेजवर आले.

अर्धी खाकी चड्डी, पांढरा बनियन, डोक्यावर टोपी. पडद्याचा दोर सोडून ते सरळ चालत निघाले. मला कळेचना काय चाललंय. तिघींनी डबे वाजवायचे थांबवले. काका बुटांपाशी वाकले, दोन बोटांनी लेसला धरून दोन्ही बूट उचलले, अंगापासून लांब धरले, स्टेजच्या पुढच्या कडेपर्यंत गेले आणि खाली, सगळ्यांच्या चपलांच्या ढिगात, टाकून दिले. मग हात कपाळाला लावून स्टेजला नमस्कार केला आणि आपल्या विंगेत परत.

वाट लागली! शेठ गेला. शेठ गेला तर अपघात कसा होणार? अपघात नाही तर माझं पान कसं येणार? बँकवाला पुटपुटला, "संपलं." मग पटांगणात मागून कुणीतरी शिट्टी मारली. मग टाळी. मग एवढा हशा आणि टाळ्या, की ट्यूबलाइट हलतायत असं वाटलं. लोकांना वाटलं, हे नाटकच आहे.

आणि मावशी उठली.

तिला कुणी सांगितलं नव्हतं. ती सावकाश उठली, डब्याला वळसा घालून माठापाशी गेली. पदराखालचा उजवा हात बाहेर काढला. दोन बोटं नसलेला तो हात सगळ्या चाळीला दिसला, तशाच हातानं तिनं तांब्या धरला, माठात बुडवला आणि पाणी प्यायली. घटाघटा नाही. सगळ्यांना दिसेल असं, थांबून थांबून, आख्खा तांब्या. मग दुसऱ्या दोघी उठल्या. त्याही प्यायल्या. कुणाचंतरी पोरगं म्हणालं, "आये, मला पण पाणी."

मी पान हातात धरून पुढे पाऊल टाकणार, एवढ्यात पडदा पडला.

मी काकांवर धावून गेले. "अहो, पडदा का टाकलात? अजून शेवट आहे!"

"खयचो शेवट? बाय पाणी प्याली. संपला मां नाटक."

"आणि बूट का फेकलेत? तो आमचा शेठ होता!"

"शेठ असो नायतर राजा असो," ते म्हणाले. "रंगदेवतेम्होर वहाणो? आमी सगळे अनवाणी आणि ह्याचे बूट वर? माका बघवला नाय. पयल्या येळेक गिळलंय. दुसऱ्या येळेक नाय गिळवला."

आणि तेव्हा मला तो श्वास आठवला. पहिल्यांदा बूट आले तेव्हा पटांगणानं ओढलेला श्वास. मी समजत होते तो आमच्या अभिनयाला होता. तो स्टेजवर पायताण आल्याचा होता! जिथे आम्ही सगळे अनवाणी उभे, नमस्कार करून चढलेले, तिथे एकच माणूस बूट घेऊन आला, म्हणजे शेठ. आम्हाला वाटलं होतं, बुटाचा अर्थ आम्ही तालमीत घडवला. अर्धा अर्थ लोकांनी घरून आणला होता, आणि तो मला ठाऊक असून मी त्याला अंधश्रद्धा म्हणून पिशवीत गुंडाळला होता. आख्ख्या पटांगणात ते बूट सगळ्यात नीट वाचले ते काकांनी. नुसते वाचले नाहीत, अडीच पानांत मला जे जमलं नसतं ते उत्तर दिलं.

मी त्यांची माफी मागितली, तीही धड नाही. "आधी विचारायला पाहिजे होतं," एवढंच म्हणाले.

"व्हया होता," काका म्हणाले आणि ऑर्केस्ट्रासाठी दोर बांधायला लागले.

खाली उतरले तर चपलांच्या ढिगापाशी पाच नंबरवाली उभी. तिच्या चपलेवर नेमका बँकवाल्याचा एक बूट पडला होता. तिनं तो पायाच्या अंगठ्यानं बाजूला सारला आणि मावशीला म्हणाली, "सगळं बरोबर केलंस गं. एकच चुकलं. तो वॉचमन बूट हातानं नाय फिरवायचा. पायानं फिरवायचा. शेठ बघत असला की हातानं."

"व्हय की!" मावशी म्हणाली. "इसरलेच मी."

"आणि त्या दिवशी तर फिरवलेच नव्हते. तुझा हात गेला तेव्हा बूट आत तोंड करूनच होते. मी पदर फाडत होते आणि बघत होते, आता हा बाहेर येईल, आता येईल..."

ती थांबली. आपण काय बोललो ते तिच्या लक्षात आलं असावं.

माझ्या पिशवीत साक्षीचा कागद तयार होता. मी पिशवीत हात घातला. मावशीनं माझं मनगट धरलं, त्याच तीन बोटांनी, इतकं घट्ट की कळ आली. मी आयुष्यात पहिल्यांदा दोन मिनिटं तोंड बंद ठेवलं. समोर ऑर्केस्ट्रावाले ढोलकी ठोकून बघत होते. पाच नंबरवालीनं चपला पायात घातल्या, पदर खोचला.

"सोमवारी किती वाजता?" तिनं विचारलं. माझ्याकडे न बघता, मावशीला.

"अकरा."

"गाळ्यावर तब्येत बरी नाय म्हणून सांगते. पुढचं पुढे."

सोमवारी बँकवालाही रजा टाकून आमच्याबरोबर आला. लेबर ऑफिसात शेठ आला नाही. कधीच यायचा नाही. त्याचा मॅनेजर आला, कडक इस्त्रीचा शर्ट, बगलेत फाईल. साहेबांनी पाच नंबरवालीला विचारलं, "त्या दिवशी मालक गाळ्यावर होते, हे तुम्हाला कसं माहीत? तुम्ही पाहिलंत त्यांना?"

"नाय."

मॅनेजर हसला.

"मग?"

"केबिनच्या बाहेर त्यांचे बूट होते. काळे."

"बूट बघून माणूस आत आहे हे तुम्ही ठरवलंत?"

"साहेब, तुमचा शिपाई दाराबाहेर स्टुलावर सरळ बसला की आम्हाला कळतं तुम्ही आत आहात. वाकडा बसला की चहाला गेलात. तसंच."

साहेबांनी दाराकडे बघितलं. शिपाई सरळ बसला.

काळे? टोकदार काळे बूट तर बँकवाल्याचे! हिच्या डोक्यात नाटकातले बूट शिरले की काय? खरे तपकिरी असले आणि समोरच्यानं ते धरलं, तर ही खोटी, मावशी खोटी, सगळं मी घालवलं. जे हत्यार मी एवढी नाचून मिरवत होते ते असं उलटतं, हे तालमीत कुणी सांगितलं नव्हतं.

मॅनेजरनं धरलंच. ताडकन उभा राहिला. "साफ खोटं आहे, साहेब! काळे बूट आठवडाभर मोच्याकडे शिवायला होते. त्या दिवशी शेठ तपकिरी घालून आले होते!"

साहेबांनी पेनाचं टोपण काढलं. "त्या दिवशी," ते म्हणाले, "शेठ आले होते. तपकिरी घालून. बरोबर ना?"

मॅनेजर खाली बसला. साहेब लिहीत राहिले. पेनाचा आवाज येत होता.

मी किती पत्रकं लिहिली असतील. त्यांतल्या एकाही वाक्याला कुणी 'चुकलं' म्हणालं नव्हतं. 'धिक्कार असो' मध्ये चुकण्यासारखं असतं काय? मान डोलवायची आणि भाकरी गुंडाळायची. पण बूट मांडले, तर एकीला ते पायानं फिरवायचे होते, एकाला ते तपकिरी होते, एकाला ते स्टेजवर नको होते. जो तो दुरुस्त करायला उठला. आणि दुरुस्त करायला उठलेला माणूस तिथे हजर होता, हे त्यालाच कळायच्या आत सगळ्यांना कळतं. हे मी आता लिहिते आहे, तेव्हा मला एवढं नीट सुचलं नव्हतं. तेव्हा मी फक्त टेबलाखाली बँकवाल्याच्या पायावर पाय मारला. तो त्या दिवशी चपला घालून आला होता.

साहेबांनी कागद फिरवला. पाच नंबरवालीनं सही केली, सावकाश, एकेक अक्षर. मावशीनं डाव्या हाताचा अंगठा उठवला. ती लिहायची उजव्यानं.

बाहेर आलो तर कॉरिडॉरमध्ये, शिपायाच्या स्टुलाशेजारी, लाकडी घडवंचीवर माठ होता. वर पितळी पेला, साखळीनं बांधलेला. मी बोलायला सुरुवात केली होती, आता पुढे काय करायचं, गाळ्यातल्या बाकीच्यांना कसं गाठायचं, चौथं पत्रक...

"थांब गं जरा," मावशी म्हणाली. ती पाच नंबरवालीकडे वळली. "पाणी प्यायचं?"

"पिऊ ना."

दोघींनी आळीपाळीनं पेला भरला. शिपायानं त्यांच्याकडे बघितलं, मग साहेबांच्या दाराकडे, आणि त्यांना जागा व्हावी म्हणून स्टूल जरा सरकवलं.